जिद्दीच्या कौतुकाआड

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी शत्रूला अडवण्यासाठी होती. माझी चाकाची खुर्ची तिच्या कितीतरी अलीकडच्या पायऱ्यांशीच अडते. पायथ्याशी बसून नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी पुन्हा वाचले. त्यातली जिद्द आपण वाखाणतो. मला निर्णायक वाटते ती बाबूकाका दिवाण यांची भेट. अपंगत्वासह भरभरून जगणारा माणूस समोर दिसला, तेव्हा नसीमाताईंना स्वतःकडे पाहण्याची नवी नजर मिळाली. म्हणजे स्वतःचा स्वीकार एकट्याने होत नाही. १९८४ मध्ये कोल्हापुरात त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, तीही इतरांना अशी सोबत मिळावी म्हणूनच. नुसत्या जिद्दीचे कौतुक करणारे वाचन मात्र पायऱ्या तशाच ठेवते.