थिबा राजवाडा : नाव राजवाड्याचे, आराखडा सरकारचा

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यावर लिहिणारे बहुतेक जण ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची करुण कहाणी सांगतात आणि इमारतीची ‘भव्य’ या एका विशेषणावर बोळवण करतात. वास्तू मात्र त्या कहाणीपेक्षा अधिक नेमके बोलते.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. मद्रासमार्गे थिबाला एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले गेले. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला घाट आणि आगगाडीचा पत्ता नाही. राजाला लोकांच्या नजरेआड ठेवायला ही जागा सोयीची होती. जवळजवळ पाव शतक सरकारी बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये राजकुटुंब या नव्या वास्तूत आले.

मंडालेचा मूळ राजवाडा लाकडी आणि एकमजली. तिथे मान मजल्यांवर नव्हे, छपरांच्या थरांवर ठरे. मुख्य सिंहासनावर सात थरांचे निमुळते शिखर होते. रत्नागिरीत याच्या नेमके उलट घडले. जांभ्याच्या भिंती, एकावर एक मजले, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या. ही त्या काळच्या सरकारी बांधकामाची भाषा. राजाला प्रशस्त दालने मिळाली, पण राजपद सांगणारे शिखर मिळाले नाही. संगमरवरी फरशीचे दालन आहे; त्यात भरायला दरबार नव्हता. सरकारने सुखसोय दिली आणि सत्तेची खूण तेवढी वगळली. हा वगळलेला भाग हेच या वास्तूचे खरे वैशिष्ट्य आहे.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी सुपायालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. पुढे १९४५ च्या युद्धात मंडालेचा राजवाडा जळाला. आज तिथे दिसते ती नंतरची पुनर्बांधणी. राज्य केले ते घर गेले, नजरकैदेचे घर उरले.

म्हणून जतनाचा प्रश्न केवळ गळक्या छपराचा आणि किडक्या लाकडाचा नाही. आज इथे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे येणाऱ्याला मंडालेचा आणि रत्नागिरीचा आराखडा शेजारी शेजारी पाहायला मिळाला पाहिजे. ‘राजवाडा’ हा शब्द लोकांनी आपुलकीने दिला, तो राहू द्यावा. पण त्या शब्दाआड कैद झाकली जाऊ नये.