आस कललेला आहे, बरं, मग पुढे?

मंडळी, आज ज्या चित्रफितीबद्दल बोलायचं आहे ती जेमतेम वीस मिनिटांची आहे. 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स'. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांनी ती 1987 साली केली. सुरुवात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात होते. झगे घातलेल्या पदवीधरांना, प्राध्यापकांना विचारतात, उन्हाळा का होतो? उत्तर येतं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. 23 पैकी 21 जणांना ऋतूंचं किंवा चंद्रकलांचं कारण नीट सांगता आलं नाही. बघणारे हसतात.

या हसण्याशी आमचं भांडण आहे. जवळ गेलं की ऊब जास्त, हा शेकोटीपाशी बसलेल्या कुणाचाही अनुभव. तो मूर्खपणा नव्हे, ती एक उपपत्तीच आहे. इथे लागू पडत नाही, इतकंच. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते. म्हणजे ऐन बॉस्टनच्या थंडीत! जुलैत ती आणखी 50 लाख किलोमीटर लांब जाते.

चित्रफितीचा खरा जीव पुढे आहे. नववीतली एक हुशार मुलगी पृथ्वीची कक्षा वेटोळ्या-वेटोळ्यांची काढते. शिकवल्यावर ती कक्षा सुधारते. पण 'इनडायरेक्ट' किरण म्हणजे कुठेतरी आपटून उलटून आलेले किरण, ही तिची समजूत शिकवूनही जात नाही. दोष तिचा का? शब्दच तसा आहे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात 'लंबरूप' आणि 'तिरपे' किरण असतात. या बाबतीत मराठी मुलाला निदान शब्द तरी सरळ मिळतो.

आता आमची मुख्य तक्रार. चित्रफितीचा सगळा रोख चुकीच्या उत्तरांवर आहे. बरोबर उत्तरांवरही तिने तितकाच संशय घ्यायला हवा होता. सहावी-सातवीच्या शिक्षकाला विचारा, तो म्हणेल, 'पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे.' छान. मग विचारा, कलल्यानं काय होतं? पुष्कळदा उत्तर येतं, 'कललेला भाग सूर्याच्या जवळ येतो.' झालं! जवळपणाच परत आला, मागच्या दारानं. (हशा) अहो, पृथ्वीचा व्यासच मुळी सुमारे 12,700 किलोमीटर. कलून कलून किती जवळ येणार? जिथे 50 लाख किलोमीटरनं ऋतू बदलत नाही, तिथे हे काही हजार काय करणार? कलण्यानं बदलतं ते वेगळंच. तेवढंच ऊन कमी जागेवर पडतं की जास्त जागेवर पसरतं, आणि दिवस किती लांबतो.

प्लेटोच्या 'मेनो'त सॉक्रेटिस म्हणतो की खरं मतसुद्धा कारणानं बांधून ठेवलं नाही तर पळून जातं. शिक्षकाचं 'आस कललेला' हे असंच न बांधलेलं मत असतं. ते बांधायला दुर्बीण लागत नाही, काठी पुरते. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर काही आठवडे तो माथ्याच्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. सूर्य नुसता जवळ येत असता तर सावलीनं दिशा कशाला बदलली असती?

आणि जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. वर्गातलं एखादं पोर विचारणारच, 'सर, किरण मेइतकेच लंबरूप आहेत, दिवसही लहान नाही, मग आता उन्हाळा का नाही?' बॉस्टनसाठी रचलेलं उत्तर इथे अपुरं पडतं. शिक्षकानं पोराला खिडकीशी न्यावं. बाहेर ढग असतात, ओली जमीन असते. सूर्य डोक्यावर असूनही त्याचं बरंचसं ऊन ढगांवरूनच परत जातं, आणि जे खाली पोचतं त्यातलं पुष्कळ पाणी वाळवण्यात खर्ची पडतं.