जुनेराची कला : गोधडी, कागद आणि घरचा हात

बंगालच्या कांथ्याला टीकाकार भेटला. आमच्या गोधडीला तो अजून भेटावयाचा आहे. १९३९ सालीं स्टेला क्रामरिश ह्या विदुषीनें कांथ्यावर निबंध लिहून, जुन्या साड्या-धोतरांचे थर शिवून केलेली ती वस्तु कलेच्या चर्चेंत आणली. त्याच सुमारास गुरुसदय दत्त ह्या सनदी अधिकाऱ्यानें खेड्यापाड्यांतून कांथे जमविले व त्यांचा संग्रह पुढें एका संग्रहालयाचा पाया ठरला. महाराष्ट्रांत आम्ही गोधडीवर पिढ्यान्‌पिढ्या निजलों, परंतु ती डोळ्यांनीं पाहण्याची वस्तु आहे हें आमच्या समीक्षेला फारसें सुचलें नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. कांथ्यावर कमळें, हत्ती, रथ भरलेले असतात. चित्र दिसलें कीं टीकाकाराला विषय सांपडतो. गोधडींत बहुधा चित्र नसतें. चौकोन, पट्ट्या आणि धावदोरा एवढाच तिचा संसार.

हा विषय आज काढण्याचें निमित्त आमच्या टेंभुर्णीपर्यंत येऊन पोंचलेली एक नवी हौस आहे. पुणें-सोलापूर रस्त्यावरचें हें गांव. जवळच उजनीचें पाणी आणि त्या पाण्यावर पोसलेला ऊस. येथील सुशिक्षित घरांतून सध्यां हातकागद, शिवण आणि कापडकाम ह्यांचें वारें शिरलें आहे. मापानें कापलेले नवे सुती तुकडे, सुई, दोरे आणि छापील नमुना एका पेटींत भरून विकत मिळतात. दुसऱ्या पेटींत कागद करण्याचा साचा व वाळविलेल्या पाकळ्या असतात. नोकरी-संसारांत गुंतलेल्या गृहिणी, अभ्यासानें कंटाळलेल्या मुली, क्वचित् एखादे निवृत्त गृहस्थहि संध्याकाळीं ह्या पेट्या उघडून बसतात आणि आपली हरवलेली सर्जनशक्ति पुन्हां गवसली असें सांगतात. त्यांच्या आनंदाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. मोबाईलच्या कांचेवर अंगठा फिरवीत घालविलेल्या दोन तासांपेक्षां सुईबरोबर घालविलेले दोन तास केव्हांहि बरे. पण तयार झालेली वस्तु हातीं घेऊन पाहिली, तर ती बहुतेक वेळां निर्जीव वाटते, आणि असें कां व्हावें ह्याचा विचार करणें आमचें काम आहे.

त्या पेटींतील रजईचे चौकोन सारखे असतात. रंग एकमेकांशीं जुळतील असे आधींच कोणी निवडलेले असतात. शिवणाऱ्या बाईला निर्णय असा एकहि उरत नाहीं. नवें कापड घ्यावयाचें, तें फाडावयाचें व पुन्हां जोडावयाचें, हा व्यवहार मुळांतच थोडा विचित्र आहे. सोलापुरी चादरीचा नमुनाहि आधींच ठरलेला असतो, हें खरें; परंतु तो मागाचा धर्म आहे, आणि त्या धर्मानें ती चादर उत्तम होते. माग जें चोख करतो तें हातानें कच्चें करून दाखविण्यांत हाताचा काय मोठेपणा?

ह्याच्या शेजारीं आम्ही एक जुनी गोधडी ठेवतों. ती आमच्या आळींतील एका घरची आहे व सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं शिवलेली आहे. तिच्या पाठीस हिरवें नऊवारी लुगडें अखंड आहे. दर्शनी बाजूस मध्यभागीं पिवळट पडलेलें धोतर, त्याच्या कडेनें पोराच्या सदऱ्याच्या निळ्या रेघांच्या पट्ट्या, आणि चार ठिकाणीं खणाच्या चोळीचे लहान तुकडे, बहुधा पाठीचे, कारण चोळी प्रथम बगलेंत विरते. लुगड्याचा तांबडा काठ कापून तीन बाजूंना किनार दिली आहे. चौथ्या बाजूला काठ पुरला नाहीं. तेथें त्या बाईनें जुन्या पटक्याची पट्टी लावली. तिचा तांबडा रंग काठाच्या तांबड्याहून उजळ, जवळजवळ केशरी आहे. आमच्या मतें सबंध गोधडीचा प्राण त्या चौथ्या बाजूंत आहे. तीन बाजू डोळ्याला एक अपेक्षा लावतात आणि चौथी ती हलकेंच मोडते. त्या बाईनें हें योजून केलें काय? पट्टी संपली तेव्हां तिच्यापुढें गांठोड्यांत आणखीहि चिंध्या असणार. त्यांतून तिनें हीच उचलली. निवड म्हणतात ती हीच. टंचाईनें प्रश्न घातला व नजरेनें उत्तर दिलें.

धावदोऱ्याकडेहि पाहावें. तो बाहेरच्या कडेनें निघून चौकोनामागून चौकोन आंत येत मध्यावर संपतो. ह्यांत एक व्यवहारी शहाणपण आहे: कडा आधीं बांधल्यामुळें आंतील थर घसरत नाहींत, आणि उरलासुरला ढिलेपणा हातानें मध्याकडे सारतां येतो. ह्याच शहाणपणांतून पृष्ठभागावर ज्या बारीक लाटा उठतात त्या, सकाळच्या तिरप्या उन्हांत, नांगरलेल्या रानासारख्या दिसतात. त्या घरच्या गोधडींत अर्ध्यापर्यंत टांके तांदळाएवढे आहेत आणि पुढें एकदम लांब होतात. बारीक टांके सासूचे, लांब सुनेचे, असें घरांतील माणसें सांगतात. सुनेला उरक असेल, किंवा ऊस भिजवावयास जावयाचें असेल. छापील नमुन्याच्या रजईंत हा बदल दोष ठरला असता. येथें तो दोन हातांची सही आहे.

पंढरपूर येथून फार दूर नाहीं. विठ्ठल जनाबाईला दळूं लागावयास आला आणि जातांना आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून गेला, ही कथा ह्या भागांत लहान मुलांनाहि ठाऊक असते. कथेनें वाकळीला देवाच्या खांद्यापर्यंत नेलें, तें मात्र दारिद्र्याची आणि मायेची खूण म्हणून. वाकळ देखणी होती कीं नव्हती हें कथेला विचारावेंसें वाटलें नाहीं, आणि आम्हांलाहि वाटलें नाहीं.

चिंधीला गोधडीखेरीज दुसरीहि एक वाट होती, ती कागदाची. इ. स. १०५ च्या सुमारास चीनमध्यें त्साइ लुन ह्यानें झाडाची साल, ताग, चिंध्या आणि कोळ्यांचीं जुनीं जाळीं ह्यांपासून कागद सिद्ध केला असें मानतात. म्हणजे ही कलाहि जन्मापासून जुनेराचीच. आमच्याकडे जुन्नर व दौलताबादेजवळील कागजीपुरा हीं गांवें हातकागदासाठीं प्रसिद्ध होतीं. लगदा कुटून पाण्यांत कालवावयाचा, साच्यावर उचलावयाचा, ताव वाळवून त्यावर खळ चढवावयाची आणि गुळगुळीत दगडानें तो घोटावयाचा, तेव्हां कोठें बोरू त्यावर न अडखळतां चालत असे. पेशवे दफ्तरांतील मोडी कागद असेच; आणि ते ज्या फडक्यांत बांधून ठेवीत त्याला नांव रुमाल. गिरणीच्या कागदानें ही विद्या मागें पडली. १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली ती गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीच्या आधारानें. तेथेंहि सुती कापडाचे तुकडे हाच उत्तम कच्चा माल ठरला.

घरीं होणाऱ्या हातकागदाविषयीं मात्र आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. कारण तांत्रिक आहे. सुती चिंधीचा तंतु लांब व चिवट. तो पाण्यांत तासन्‌तास कुटला गेला पाहिजे, म्हणजे त्याचे पृष्ठ फुटून तंतु एकमेकांस धरतात. स्वयंपाकघरांतील मिक्सरांत चिंधी घातली तर ती पात्याला गुंडाळते आणि यंत्र बंद पडतें. म्हणून घरोघर जो कागद होतो तो वर्तमानपत्राच्या रद्दीचा, आणि ती रद्दी लांकडाच्या लगद्याची. तिचा तंतु आधींच तोकडा, मिक्सरांत आणखी तोकडा होतो. असा ताव जाड, भुसभुशीत निघतो व कांहीं दिवसांत पिवळा पडतो. वर गुलाबाची पाकळी चिकटविल्यानें तो सुंदर होत नाहीं. फक्त त्यावर लिहितां येत नाहीं. मुलांनीं एकदां करून पाहावा, कागद म्हणजे काय तें त्यांना कळेल. त्यापलीकडे ह्या उद्योगाला कलेचें नांव देण्याची घाई नको. घराला सुई साधते, हौद साधत नाहीं.

परंतु सुईपुढेंहि आज एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल ह्या नव्या हौसेच्या पुरस्कर्त्यांकडून आम्ही कांहींच ऐकलें नाहीं. वापरून वापरून मऊ होणें हा सुती कापडाचा गुण. म्हणूनच बाळाचें दुपटें आणि कुंची जुन्या लुगड्याची करीत. आतां घरांतील बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. हा धागा मऊ होत नाहीं, घाम शोषीत नाहीं, आणि पाण्यांत कुटल्यास त्याचे तंतु एकमेकांस धरीत नाहींत. त्याची गोधडी अंगाला चिकटते आणि त्याचा कागद होतच नाहीं. गोधडी मागें पडली ती सुनांच्या आळसानें, असें जें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकूं येतें, तें आम्हांला अन्यायाचें वाटतें. जुनेरच मेलें, तेथें सुनेनें काय शिवावें?

कोणी म्हणेल, हें सर्व दारिद्र्याचें कौतुक आहे. आक्षेप हलका नाहीं. ऊसतोडीच्या हंगामांत आमच्या भागांत जीं कुटुंबें येतात त्यांच्या कोपींत आजहि वाकळ असते, आणि ती थंडीसाठीं असते. तिच्यावर रसग्रहण लिहिणाऱ्यानें आधीं त्या थंडीची आठवण ठेवावी. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत गीज् बेंड नांवाचें एक खेडें आहे. तेथील गरीब कृष्णवर्णीय बायकांनीं कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टन येथें व मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि आधुनिक चित्रांशीं त्यांची तुलना झाली. त्या गोधड्याहि उबेसाठींच झाल्या होत्या. गरजेनें त्यांतील नजर खोटी ठरली नाहीं, आणि भिंतीवर चढल्यामुळें गरज सुंदरहि ठरली नाहीं. उलट टोक विल्यम मॉरिसचें. यंत्राचा हा वैरी १८९१ सालीं छापखाना काढून हातकागदावर अप्रतिम पुस्तकें छापूं लागला. तीं श्रीमंतांच्या कपाटांत गेलीं. पेटींतल्या रजईचीं किंमत पाहिली कीं आम्हांला मॉरिस आठवतो, फक्त मॉरिसची पुस्तकें देखणीं होतीं.

तेव्हां ज्यांना घरीं खरेंच कांहीं निर्माण करावयाचें आहे, त्यांनीं पेटी न आणतां आधीं कपाट उघडावें. सुती सदरे, उशांचे अभ्रे, वडिलांचीं धोतरें, पडद्याचें अस्तर, जें निघेल तें. नमुना ठरवूं नये, तुकडा पुरेल तसें जावें. पहिली गोधडी ओबडधोबड होईल. आणि घरांत जुनी सुती गोधडी असेल तर ती बोहारणीला भांड्यावर देऊन टाकण्यापूर्वीं एकदां दिवसाउजेडीं अंगणांत पसरावी, आणि दर्शनी बाजू पाहून झाल्यावर उलटी करावी. टांके कोणाचे, काठ कोणत्या लुगड्याचा, हें सांगणारें माणूस अजून घरांत असेल, तर त्याला शेजारीं बसवून घ्यावें.