उसाचं बिल आणि मतदाराचं मन

निवडणुकीच्या वर्षात उसाचं बिल का घटतं, ही तक्रार आपल्या ऊसपट्ट्यात नवी नाही. तिला आकड्यांचा आधार दिला तो संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञाने, २०१२ सालच्या निबंधात. महाराष्ट्रातल्या १८३ कारखान्यांपैकी १०१ कारखान्यांचे चेअरमन १९९३ ते २००५ या काळात निवडणुकीच्या रिंगणात उतरले होते. चेअरमन ज्या वर्षी उभा राहतो, त्या वर्षी त्याच्या कारखान्याचा ऊसदर खाली येतो. सभासदांचा पैसा प्रचाराकडे वळतो, असा याचा अर्थ. पण मला या निबंधाचं महत्त्व वाटतं ते त्याच्या पुढच्या भागामुळे. निवडून आलेला चेअरमन शेतकऱ्याची भरपाई पुढे करत असावा आणि म्हणून त्याचं निभावून जात असावं, असं सुखटणकर सुचवतात. हे खरं असेल, तर शेतकरी फसलेला नाही. त्याने हिशेब केलेला आहे.

राजकारण हा हिशेबाचा व्यवहार आहे, हे अर्थशास्त्राचं म्हणणं जुनं आहे. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मतदार आणि पक्ष दोघांनाही नफातोटा पाहणारे मानून लोकशाहीचा सिद्धान्त रचला. पुढची काही दशकं हे काम बरंचसं फळ्यावरच्या समीकरणांत राहिलं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र अभ्यासक कारखान्याच्या वह्या, ग्रामपंचायतींची दप्तरं आणि प्रभागांचे निकाल उघडून बसले. या नव्या वळणाचे काही उत्तम नमुने महाराष्ट्राच्या मातीतले आहेत, आणि तरी आपल्याकडे त्यांची चर्चा जवळजवळ होत नाही.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय यांनी १९७१ ते १९९३ या काळातल्या शंभराच्या आसपास सहकारी कारखान्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा तर्क सरळ आहे. सहकारात सगळ्या सभासदांना एकच दर द्यावा लागतो. मोठ्या बागायतदाराला स्वतःच्या उसाला जादा भाव घेता येत नाही. मग तो सगळ्यांचाच दर दाबतो आणि कारखान्यात मागे राहिलेल्या पैशावर हात मारतो. छोटे शेतकरी फार थोडे असतील, तर लुटायला कोणी नाही. फार जास्त असतील, तर सत्ता त्यांच्या हाती. दर सर्वांत दबलेला दिसतो तो या दोहोंच्या मधल्या भागात. विषमता वाढली की नुकसान वाढतं, एवढं ढोबळ विधान करून हे लेखक थांबत नाहीत. ते लुटीची यंत्रणा उलगडून दाखवतात, आणि चांगलं अर्थशास्त्र मी याला म्हणेन.

सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रांस्वा आणि अशोक कोतवाल यांचा २०१५ चा निबंध वाचताना अधिक अस्वस्थ व्हायला होतं. त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती पाहिल्या. मतदान भरघोस, मोजणी चोख, दमदाटी नाही, निवडून येणारेही गावाचं प्रतिनिधित्व करणारे. पाठ्यपुस्तकातली लोकशाही. पण जिथे जमिनीवर मराठा वर्चस्व आहे, तिथे गरिबांसाठीच्या सरकारी योजना गावात कमी पोचतात. रोजगार हमीचं काम गावात निघालं, तर शेतमजुरी वाढणार; ती वाढू नये यात जमीनदाराचं हित आहे. अडीनडीला तोच उधार देतो, तोच मदतीला धावतो, आणि बदल्यात मत मिळवतो. कोणी कोणाला धमकावत नाही. गरीब बहुसंख्य आहेत, मतपेटी त्यांच्या हातात आहे, आणि तरी धोरण त्यांच्या बाजूचं होत नाही. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीकडून आपण ठेवलेल्या अपेक्षा या निबंधापुढे ठेवून पुन्हा तपासायला हव्यात.

श्रद्धा आणि समजुती हा मात्र या शास्त्राचा कच्चा दुवा. इथे आशादायक काम झालंय ते महिला आरक्षणावर. मुंबई महापालिकेतले प्रभाग चिठ्ठ्या टाकून राखीव होतात, त्यामुळे तुलना न्याय्य होते. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी २००९ मध्ये दाखवलं, की १९९७ ला राखीव असलेला प्रभाग २००२ ला खुला झाल्यावरही तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. पश्चिम बंगालमध्ये लोरी बीमन, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. महिला प्रधानाचा (सरपंचाचा) कारभार पाहिलेल्या गावांत बाईच्या कर्तबगारीबद्दलची शंका विरली. पुरुष नेताच बरा, ही आवड मात्र हलली नाही. असं का, याचं उत्तर आकड्यांत नाही.

ते शोधायला गावात राहावं लागतं. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्यावर १९८० साली लिहिलेल्या पुस्तकात गट, भावकी आणि मानापमान जिवंत दिसतात. अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यात त्यांचा एक रकाना होतो. जात म्हणजे जमिनीची टक्केवारी नव्हे. मत देताना माणूस प्रतिष्ठेचा, उपकाराचा आणि रागाचाही विचार करतो. शिवाय ही ऊस-आकडेवारी १९९३ आणि २००५ ला थांबते. त्यानंतर एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) आली, अनेक सहकारी कारखाने विकले गेले, खासगी कारखाने वाढले. जुने निष्कर्ष आजच्या चेअरमनला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

पुढचं काम इथल्या विद्यापीठांतल्या अर्थशास्त्र विभागांनी हाती घ्यावं. कारखान्यांचे अहवाल मराठीत आहेत, ग्रामसभांची इतिवृत्तं मराठीत आहेत, आणि ज्यांच्यावर हे निबंध लिहिले गेले ते शेतकरी, मजूर मराठी वाचतात. किमान महाराष्ट्रावरच्या या चार निबंधांची मराठीत सविस्तर ओळख तरी करून द्या. आपल्या उसाच्या बिलावर काय संशोधन झालंय, हे सभासदाला वार्षिक सभेत उभं राहून विचारता आलं पाहिजे.