साहेबांची खोली

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या घरी जाऊ नये. घर सजवते बायको, विसकटतात मुलं. त्यात त्या बिचाऱ्याचा वाटा खुंटीवरच्या शर्टाइतकाच. माणूस पाहावा तो कचेरीत. तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढल्यावर मला हे शास्त्र थोडंफार अवगत झालं आहे. खुर्चीच्या पाठीवर टर्किश टॉवेल आला की समजावं, स्वारीला बढती मिळाली. टेबलावर काच आली की समजावं, हा आता लवकर हलत नाही. मग काचेखाली पाहावं. देवाचा फोटो वर आहे की मंत्र्याचा, यावरून त्याचा भरवसा कोणावर आहे ते कळतं.

या शास्त्राचा उपयोग निवृत्तीनंतर होईल असं वाटलं नव्हतं. पण परवा नातवाने हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाला, “आजोबा, हा खेळ तुम्हाला जमेल. यात पळायचं नाही, उडी मारायची नाही. नुसत्या दुसऱ्याच्या खोलीत नाक खुपसायचं.”

खेळाचं नाव ‘एस अ‍ॅटर्नी’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 2001 साली काढला. कर्ता शू ताकुमी नावाचा गृहस्थ. इंग्रजी अवतारात सगळी मंडळी लॉस एंजेलिसला राहायला आली. नायक फीनिक्स राइट हा निळ्या सुटातला बचावाचा वकील आणि समोर सरकारी वकील माइल्स एजवर्थ. गडद तांबडा सूट, गळ्याशी पांढरी झालर आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगाने आधी वेळ घेऊन मग यावं.

2005 साली हा खेळ निन्टेंडोच्या डीएस यंत्रावर आला तेव्हा त्यात एक जादा खटला घातला गेला. त्यात आपल्याला या एजवर्थच्या खोलीत जायला मिळतं. साहेब जागेवर नसताना साहेबांच्या खोलीत! माझा तर हात कापायला लागला. ज्या वस्तूवर खूण न्यावी तिच्याविषयी पात्रं आपसांत बोलतात. मी दीड तास ती खोली सोडली नाही. खुनाचा तपास राहिला बाजूला.

पहिल्या नजरेला खोली म्हणजे नुसता तोरा. चहाचा उंची सरंजाम. भिंतीवर चौकटीत मढवलेला झालरींचा कोट. बुद्धिबळाचा पट, त्यावर तांबडी आणि निळी मोहरी. तांबडा कोण आणि निळा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. साहेब फावल्या वेळात आपल्या प्रतिस्पर्ध्याला पटावर कोंडीत धरतात! मी लगेच निकाल दिला : गर्विष्ठ माणूस. आमच्याकडे असे तीन होते.

नातू म्हणाला, “खिडकीत बघा.” खिडकीत एक खेळण्यातला बाहुला. ‘स्टील सामुराई’ या मुलांच्या मालिकेतला योद्धा! ज्या नटाने हा योद्धा रंगवला त्याच्यावर याच एजवर्थने पहिल्या खेळात खुनाचा खटला चालवला होता. आणि साहेब लपूनछपून त्या मालिकेचे भक्त.

इथे माझं शास्त्र डळमळलं. नंतर 2004 सालचा तिसरा खेळ खेळलो तेव्हा तर पार कोसळलं. तो भिंतीवरचा कोट म्हणजे एजवर्थ पहिल्यांदा कोर्टात उभा राहिला तेव्हाचा. मला वाटलं होतं, पहिल्या विजयाची पताका असेल. पण त्या खटल्यात विजय कोणाचाच झाला नाही. आरोपीने साक्षीच्या पिंजऱ्यातच विष घेतलं आणि खटला निकालाविना संपला. असा कोट माणूस मिरवायला टांगत नाही. तो टांगला असेल तर रोज समोर दिसावा म्हणून. याचे वडील बचावाचे वकील होते. हा नऊ वर्षांचा असताना कोर्टाच्याच लिफ्टमध्ये त्यांचा खून झाला. कोणी केला ते सांगत नाही. रहस्य फोडणाऱ्याला आमच्या घरी जेवण मिळत नाही. पण एवढं कळल्यावर मी पुन्हा त्या खोलीत गेलो आणि मला तोरा कुठे दिसेना. नवव्या वर्षी थांबलेला एक मुलगा मोठ्यांचं सामान मांडून बसलेला दिसला.

राइटची कचेरी याच्या अगदी उलट. ती त्याची नव्हेच. ती मिया फे या त्याच्या गुरूची, आणि तिचा खून त्याच खोलीत झाला. त्या निकालाविना संपलेल्या खटल्यात बचावाला उभी होती तीच ही मिया. राइटने नाव बदललं, पण तिची चार्ली नावाची कुंडी तिथेच ठेवली. 2007 च्या खेळात त्याची वकिली गेली आहे, कचेरीत मुलीच्या जादूच्या सामानाचा पसारा आहे. चार्ली मात्र जागेवर. एकाने गेलेला दिवस चौकटीत बसवला, दुसरा त्याला पाणी घालतो. दोन स्वभाव याहून कमी शब्दांत सांगणारा लेखक मला दाखवा.

खोट एकच. पात्रं फार बोलतात. प्रत्येक वस्तूवर एक विनोद झालाच पाहिजे असा नेम. त्या कोटापाशी दोघांनी गप्प राहायला हवं होतं.

पण मला खरा चटका लागला तो दुसऱ्याच खोलीचा. आमच्या एका साहेबांच्या खोलीत काहीच नव्हतं. ना टॉवेल, ना काच, ना फोटो. आम्ही त्यांना ‘कोरा कागद’ म्हणायचो. दुपारी दहा मिनिटं दार लावून घ्यायचे. झोपतात, असं सगळ्यांचं एकमत. माझी रजा त्यांनी एकदा नाकारली तेव्हा ‘या माणसाला काळीजच नाही’ हा शेरा मी कँटीनमध्ये मारला होता. ते निवृत्त झाल्यावर शिपायाने कपाट आवरलं. फायलींमागे बुटाच्या खोक्यात एक लाकडी भोवरा निघाला, जाळीसकट. सिमेंटच्या फरशीवर आऱ्याचे बारीक ओरखडे होतेच. इतकी वर्षं आम्ही त्यांवरून चालत होतो.

वीस वर्षं त्या खोलीत सह्या घ्यायला गेलो. एकदाही नीट पाहिलं नाही. आणि म्हणे शास्त्र!

हे सारं मी नातवाला सांगितलं. त्याने यंत्र खाली ठेवलं आणि माझ्या लिहिण्याच्या कोपऱ्याकडे तपासाच्या नजरेने पाहिलं.

“आजोबा, तुमच्या खुर्चीवर टॉवेल कशाला?”

मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. टॉवेल परवाच धुऊन पुन्हा घातला आहे.