विज्ञानकथामालिकांतील सातत्य व पर्यायी विश्वे

विज्ञानकथामालिकांतील सातत्य व पर्यायी विश्वे : अनेक लेखकांनी दीर्घकाळ एकाच कल्पित जगाविषयी रचलेल्या कथांतील घटना, व्यक्ती, स्थळ व काळ यांविषयीची विधाने परस्परांशी जुळती असणे, यास ‘सातत्य’ म्हणतात, त्याच जगातील एखादी घटना निराळी घडली असती तर जे जग उद्‌भवले असते, त्यास ‘पर्यायी विश्व’ म्हणतात. दूरचित्रवाणी, चित्रपट, चित्रकथा व कादंबऱ्या यांतून दशकानुदशके चालणाऱ्या पाश्चात्त्य विज्ञानकथामालिकांत या दोन कल्पनांचे नाते निकटचे आहे. वरवर पाहता त्या परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दुसरी कल्पना बहुधा पहिलीच्या रक्षणासाठी वापरली गेलेली दिसते. या रक्षणापायी कथेतील मृत्यू, वियोग व निवड यांचे गांभीर्य टिकते की नाही, हा या विषयातील खरा वाङ्‌मयीन प्रश्न होय.

हा प्रश्न विज्ञानकथामालिकांपेक्षा जुना आहे. आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) यांच्या शेरलॉक होम्स कथांतील डॉ. वॉटसन यांची युद्धातील जखम १८८७ च्या कादंबरीत खांद्याला आहे, तर १८९० च्या कादंबरीत ती पायाला आहे. डॉइल यांना अशा विसंगतीचे सोयरसुतक नव्हते. वाचकांना मात्र होते. रॉनल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये बायबलच्या चिकित्सेचा थाट घेऊन या कथांची विनोदी मीमांसा केली. पुढे डॉइल यांच्या मूळ कथांना धर्मग्रंथाप्रमाणे ‘प्रमाणसंहिता’ मानण्याची रीत रूढ झाली. प्रमाण व अप्रमाण कथा यांचा आजचा भेद या अर्ध्या थट्टेतूनच आलेला आहे. भारतीय वाचकाला तर हा व्यवहार मुळीच अपरिचित नाही. पुराणांत एकाच कथेची न जुळणारी रूपे आढळली म्हणजे टीकाकार व कथेकरी ‘कल्पभेद’ सांगतात : हे एका कल्पात घडले, ते दुसऱ्या कल्पात, दोन्ही खरेच. पर्यायी विश्व संहितेच्या संरक्षणासाठी योजले जाते तेव्हा ते नेमके हेच काम करते.

आरंभीच्या दूरचित्रवाणी मालिकांना सातत्याची फारशी गरज नव्हती, कारण दाखविलेला भाग पुन्हा पाहावयास मिळेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. बीबीसीने १९६३ मध्ये सुरू केलेल्या डॉक्टर हू या मालिकेत अटलांटिसचा नाश १९६७, १९७१ व १९७२ मधील कथांत तीन निरनिराळ्या प्रकारे सांगितला आहे. मालिकेच्या पहिल्या दशकातील अनेक ध्वनिचित्रफिती तर संस्थेने स्वतःच पुसून टाकल्या. जेथे मूळ प्रतच उरत नाही, तेथे ताळा कोण पाहणार? जीन रॉडेनबेरी (१९२१–९१) यांच्या स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेचे भाग्य निराळे होते. तिचे ७९ भाग १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झाले आणि मालिका बंद पडली. पण १९७० नंतरच्या दशकात स्थानिक केंद्रांवरून तेच भाग पुन्हा पुन्हा दाखविले गेले. प्रेक्षकांना ते तोंडपाठ झाले. व्यक्ती, ग्रह व घटना यांच्या सूची प्रथम चाहत्यांनी सिद्ध केल्या. मायकेल व डेनिस ओकुडा यांनी संकलित केलेली तपशीलवार कालगणना १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा रीतीने सातत्य हे प्रथम लेखकाचे नव्हे, तर प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीचे अपत्य आहे.

स्मरणाचा हा धाक कथेला नेहमीच उपकारक ठरतो, असे नाही. क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची कपाळे १९६७ मधील भागांत माणसांसारखी सपाट होती. १९७९ च्या चित्रपटात रंगभूषेसाठी अधिक पैसा उपलब्ध होताच त्यांवर उंचवटे आले. १९९६ मधील एका भागात जुन्या क्लिंगॉनांना पाहून चकित झालेल्या सहकाऱ्यांना वॉर्फ हा क्लिंगॉन अधिकारी, हा विषय आम्ही परक्यांपाशी काढत नाही, एवढेच सांगतो. प्रेक्षक हसतो आणि प्रकरण मिटते. २००५ मध्ये मात्र एका विषाणूची योजना करून दोन भागांत याचे साद्यंत स्पष्टीकरण देण्यात आले. पहिल्या उत्तरात विनोद व स्वभावदर्शन आहे. दुसऱ्यात केवळ हिशेबाची जुळणी.

पर्यायी विश्वांचा पद्धतशीर वापर प्रथम चित्रकथांत झाला. द फ्लॅश या नियतकालिकाच्या १२३ व्या अंकात (१९६१) गार्डनर फॉक्स यांनी नव्या फ्लॅशची, म्हणजे बॅरी ॲलनची, १९४० मध्ये अवतरलेल्या जुन्या फ्लॅशशी भेट घडविली. त्यासाठी दोघांना दोन निरनिराळ्या पृथ्वींवर ठेवले. युक्ती लोकप्रिय झाली आणि पृथ्वींची संख्या इतकी वाढली की, त्या आटोपण्यासाठी डीसी या प्रकाशनसंस्थेला १९८५–८६ मध्ये बारा अंकांची एक प्रलयकथा प्रसिद्ध करावी लागली. मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या या कृतीत असंख्य विश्वे नष्ट होऊन एकच उरते. सुपरगर्ल व बॅरी ॲलन मृत्यू पावतात. वाचकांनी या मृत्यूंचा खरोखर शोक केला. पुढे सुमारे दोन दशकांनी दोन्ही पात्रे परत आली आणि विश्वेही पुन्हा अनेक झाली. त्या शोकाचे काय झाले, हे मात्र कोणत्याही अंकात सांगितलेले नाही.

या कल्पनेस भौतिकीचा आधार म्हणून ह्यू एव्हरेट (१९३०–८२) यांच्या १९५७ मधील पुंजयामिकीच्या अन्वयार्थाचा उल्लेख केला जातो. त्यानुसार मापनाच्या प्रसंगी सर्व शक्य फलिते निरनिराळ्या शाखांत प्रत्यक्षात येतात. परंतु त्या शाखांमध्ये ये-जा करण्याची सोय मूळ सिद्धांतात नाही. मालिकांनी सिद्धांताचे नाव घेतले, शिस्त घेतली नाही. मराठीत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत, पानिपतच्या तिसऱ्या युद्धात (१७६१) विश्वासराव बचावले असते तर काय, या प्रश्नाला पुंजयामिकीची जोड दिलेली आहे. ही एकटी, स्वयंपूर्ण कथा आहे. तिला मागील भागांचा ताळा राखावयाचा नाही. त्यामुळे तिच्यातील दुसरे जग केवळ विचारप्रयोग म्हणून स्वच्छपणे उभे राहते. मालिकेतील लेखकाला हे स्वातंत्र्य नसते. मात्र प्रेक्षक वर्षानुवर्षे जे चेहरे ओळखतो, ते निराळ्या दैवात पाहण्याचा धक्का मालिकाच देऊ शकते.

स्टार ट्रेकमध्ये हा धक्का प्रथम १९६७ च्या ‘मिरर, मिरर’ या भागात बसतो. तेथे कॅप्टन कर्क अशा विश्वात पोहोचतो, की जेथे ग्रहांच्या संघराज्याऐवजी क्रूर साम्राज्य आहे आणि अधिकाऱ्यांना बढती वरिष्ठाच्या खुनाने मिळते. परतताना तो तेथील स्पॉकला सुधारणेचा उपदेश करतो. भाग आशेवर संपतो. सत्तावीस वर्षांनी डीप स्पेस नाइन या मालिकेतील ‘क्रॉसओव्हर’ (१९९४) या भागात त्या उपदेशाचा परिणाम कळतो : स्पॉकने सुधारणा केल्या, साम्राज्य निःशस्त्र झाले, शत्रूंनी ते जिंकले आणि मानव गुलाम झाले. सातत्याचा याहून प्रामाणिक उपयोग क्वचितच आढळेल. येथे जुन्या कथेची चूक दुरुस्त केलेली नाही. तिच्या नायकाच्या सदिच्छेला जबाबदार धरले आहे. याच मालिकेत त्या विश्वाच्या पुढील फेऱ्या मात्र हळूहळू वेशांतराची करमणूक बनत गेल्या.

‘यस्टरडेज एंटरप्राइझ’ (१९९०) हा या प्रकारातील श्रेष्ठ भाग मानावयास हवा. बावीस वर्षांपूर्वीचे एक यान काळातील भेगेतून पुढे येते आणि त्या क्षणी इतिहास पालटतो : संघराज्य क्लिंगॉनांशी युद्धात गुंतलेले व पराभवाच्या उंबरठ्यावर. इतिहास पूर्ववत करावयाचा, तर ते यान निश्चित नाशाकडे परत पाठविणे भाग आहे. या पर्यायी जगात ताशा यार जिवंत आहे. मूळ कालप्रवाहात १९८८ मधील एका भागात तिचा निरर्थक मृत्यू झालेला आहे. हे समजताच, मरावयाचेच असेल तर काही साधून मरावे, असे ठरवून ती त्या यानाबरोबर जाते. इतिहास सावरतो. तिचा त्याग कोणाच्याच स्मरणात राहत नाही. फक्त अंतःप्रेरणेने काही जाणवलेली गायनन शेवटी एका सहकाऱ्याला, मला ताशाविषयी सांग, असे म्हणते. मूळ मालिकेतील एक फसलेला मृत्यू येथे रद्द झालेला नाही. तो तसाच राहून त्याला अर्थ लाभला आहे.

याच्या तुलनेत २००९ च्या स्टार ट्रेक चित्रपटाची योजना चतुर पण सुरक्षित वाटते. २३८७ मधून आलेले एक यान २२३३ मध्ये कर्कच्या पित्याचे जहाज नष्ट करते व नवा कालप्रवाह सुरू होतो. जुना प्रवाह अबाधित असल्याचे सांगितले जाते. नव्या प्रेक्षकाला कोरी पाटी मिळते, जुन्याचा संग्रह शाबूत राहतो. व्यवसायदृष्ट्या याहून सोयीची तडजोड नाही. परंतु व्हल्कन हा ग्रह अब्जावधी रहिवाशांसह नष्ट होत असताना जाणत्या प्रेक्षकाच्या मनात एक व्हल्कन अन्यत्र सुखरूप असतो, आणि संहाराची धार तेथेच बोथट होते. दोन्ही व्हल्कन ठाऊक असलेल्या वृद्ध स्पॉकच्या भूमिकेत लेनर्ड निमॉय यांच्या चेहऱ्यावर तेवढी ती जाणवते. स्टार वॉर्सच्या स्वामींनी एप्रिल २०१४ मध्ये निराळा मार्ग पत्करला : पूर्वीच्या बहुसंख्य कादंबऱ्या व चित्रकथा ‘दंतकथा’ या नावाखाली प्रमाणसंहितेबाहेर काढल्या. वाचक दुखावले, पण निदान कल्पभेदाचा आडपडदा तेथे नव्हता.

प्रत्यक्ष दिनदर्शिकाही सातत्याला अडचणीत आणते. १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागात खान व त्याचे सुजननयुद्ध विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घातले होते. ते दशक आले आणि शांतपणे गेले. २०२३ मध्ये स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स या मालिकेतील एका भागात कालप्रवाशांच्या ढवळाढवळीमुळे युद्ध पुढे ढकलले गेल्याचे सांगून ही जुनी थकबाकी वळती केली आहे. मात्र लेखक तेवढ्यावर थांबलेला नाही. खानची वंशज ला-आन हिचे पर्यायी विश्वातील कर्कवर प्रेम बसते व तो तिच्यादेखत मारला जातो. परतल्यावर तिला हे कोणालाही सांगण्याची मनाई होते. ती स्वतःच्या विश्वातील कर्कशी काही निमित्त काढून बोलते. तो तिला ओळखत नाही. संभाषण संपल्यावर ती एकटी रडते.