गाजर आणि माणूस

आज मला रस्त्यावर बसून काढलेल्या चित्रांबद्दल बोलायचंय, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल: त्या चित्रांतल्या माणसांबद्दल.

‘अर्बन स्केचर्स’ तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. सिएटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये इंटरनेटवर सुरू केलेला हा गट आज जगभर पसरलाय. मुंबई-पुण्यातही मेळावे होतात. नियम साधे. जागेवर बसून काढायचं, फोटोवरून नाही. समोर जे दिसतंय त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. सकाळी जमायचं, दोन-तीन तास पांगून काढत बसायचं आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या मांडून एकमेकांचं काम बघायचं.

या वह्या ओळीनं मांडल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. इमारती छान उतरलेल्या असतात. कमानी, गॅलऱ्या, लाकडी कठडे, सगळं जागच्या जागी. पण भुलेश्वरसारख्या ठिकाणी, जिथं पाऊल टाकायला जागा नसते, तिथली गल्ली कागदावर मात्र ओस! माणसं असलीच तर गाजरं असतात. गाजर म्हणजे काय, तर वर एक ठिपका, ते डोकं. खाली निमुळता होत जाणारा ब्रशचा एक फटकारा, ते अंग. जलरंगवाल्यांची ही युक्ती लांबच्या गर्दीसाठी चांगलीच आहे. माझी तक्रार एवढीच, की शिकणारा तिथंच थांबतो.

का थांबतो? सोपं कारण असं की इमारत हलत नाही, माणूस हलतो. अवघड कारण असं की इमारत आपल्याकडे वळून बघत नाही.

हलण्यावर उपाय आहे. काम करणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच पवित्र्यात येतो. इस्त्रीवाला बघा. इस्त्री पुढे ढकलताना त्याचा एक खांदा खाली जातो, वजन पुढच्या पायावर येतं. मग तो सरळ होतो, कपडा उलटतो, पुन्हा तसाच वाकतो. तो वाकला की काढायचं, सरळ झाला की थांबायचं. चार-पाच फेऱ्यांत आकृती उभी राहते. नाक-डोळे नंतर, आधी वजन कुठल्या पायावर आहे ते.

दुसरं, डोळ्यांची पातळी. आपण उभं राहून काढत असू, तर सपाट रस्त्यावरच्या आपल्याएवढ्या उंच माणसांचे डोळे, ती जवळ असोत की लांब, एकाच आडव्या रेषेवर येतात. स्टुलावर बसलात की ती रेषा त्यांच्या छातीपाशी येते, आणि जवळचा माणूस एकदम उंच होतो. म्हणजे काढणारा कुठं होता, केवढ्या अंतरावर होता, हे चित्रातली माणसं सांगून टाकतात.

आता ते वळून बघणं. इथं मला चित्तप्रसाद आठवतात. १९४३ च्या दुष्काळात ते बंगालमधल्या मिदनापूर जिल्ह्यात हिंडले आणि भेटलेल्या माणसांची रेखाटनं केली. ‘हंग्री बेंगॉल’ हे त्यांचं पुस्तक ब्रिटिश सरकारनं जप्त केलं. त्या रेखाटनांत उपासमारीचं प्रतीक म्हणून कुणाला उभं केलेलं नाही. माणसाचं नाव येतं, गाव येतं. आता बघा, नाव लिहायचं तर विचारावं लागतं, आणि विचारायचं तर जवळ जाऊन बसावं लागतं. रेषेतला जवळपणा तिथून आलाय, असं मला वाटतं.

अगदी वेगळ्या मनोवृत्तीचं उदाहरण मारिओ मिरांडांचं. १९४९ ते १९५१ या वर्षांतल्या त्यांच्या चित्रमय रोजनिश्या पुस्तकरूपात आल्या आहेत. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. पुढं त्यांनी मिस निंबूपानीसारखी पात्रं घडवली. ती ठसठशीत आहेत, मजेदार आहेत, पण ठरलेली आहेत. कुलाब्याच्या मोंडेगारच्या भिंतींवरची त्यांची गर्दी बघताना मी कसबाला दाद देतो. ओळख मात्र रोजनिशीतल्या माणसांशी होते, कारण तिथं मारिओ ती पहिल्यांदा बघतायत. नमुना अजून तयार झालेला नाही.

हे एवढं का महत्त्वाचं? आपण म्हणतो, ही चित्रं म्हणजे शहराची नोंद. ठीक आहे. उद्या वाडा पडला तर त्याचे नकाशे सापडतील, फोटो सापडतील. जिन्याखाली टेबल टाकून पंचवीस वर्षं इस्त्री करणारा माणूस कुठल्या नकाशात सापडणार? पुनर्विकासात त्याच्या नावावर काहीच नसतं. आपल्या वहीत कमान आली आणि तो गाजर झाला, तर प्रामाणिक राहण्याचा जो नियम आपणच मान्य केला, तो अर्धाच पाळला गेला.

म्हणून एक सुचवतो. वह्या मांडल्यावर आपण एकमेकांना ‘छान’ म्हणतो. ते म्हणाच. पण चित्रातल्या एखाद्या माणसावर बोट ठेवून विचारा, ‘हे कोण?’ काढणाऱ्याला एक वाक्य जरी सांगता आलं, ते काय करत होते, कुणाशी बोलत होते, तर चार रेषा वाकड्या असल्या तरी चालतील.